ब्रिजखालची वायर

ती वायर तुटलेली नव्हती, कापलेली होती. ते मला दिसलंही होतं. बावीस वर्षं अंधेरीच्या एमआयडीसीत ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल गुंडाळलेल्या बाईला तुटलेलं तांबं आणि कापलेलं तांबं यांतला फरक कळणार नाही असं कसं होईल? कळला, आणि तरीही मी ती जोडली. मला वाटलं, माझ्याआधी कुणीतरी गाढव इथे हात घालून गेलंय.

कारखाना बंद पडल्यावर मी जोगेश्वरीच्या घरातच गिटारचे पिकअप गुंडाळायला लागले. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेलं लोहचुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की पिकअप ते पकडतो आणि ॲम्पकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याकडे, पाठवतो. गाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण कुठे काय सुटलंय ते कळतं. वादक लोक मला मावशी म्हणतात आणि जरा घाबरूनच असतात. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

सुशांत मात्र माझा खरा भाचा. थोरली बहीण गेली तेव्हा नऊ वर्षांचा होता, तिथपासून माझ्याकडेच वाढला. आता बत्तीस वर्षांचा आहे. आठवडाभर ऑफिस करतो आणि शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. लग्न झाल्यावर दोन इमारती सोडून राहायला गेला, पण जेवायला अजून इथेच येतो. मला दुसरं कुणी नाही.

त्या शनिवारी तो भर दुपारी बेस घेऊन आला. दोन महिन्यांपूर्वी त्याने तो ॲम्पसकट अनंतकडून विकत घेतला होता. ॲम्प रिहर्सलच्या जागीच असायचा. अनंत आमच्याच गावचा, मालवणकडचा. चाळीस वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवला आणि बोटं आखडली तेव्हा सोडला.

"मावशी, चार वाजता मरोळला रिहर्सल आहे. हा सारखा घूं घूं करतोय, आणि मधल्या स्विचला आवाजाची पार वाट लागलीय."

"आणि हे तुला आज सुचलं सांगायला?"

"वेळच नाही मिळाला ना."

"मोबाइल बघायला बरा मिळतो. ठेव तिथे. आणि ॲम्पचं काही नाही ना? असेल तर आत्ताच बोल."

"नाही गं. ॲम्प झकास आहे," तो म्हणाला आणि चहा टाकायला आत गेला.

स्विचला तीन जागा होत्या. एका टोकाला पुढचा पिकअप, दुसऱ्या टोकाला मागचा, मधोमध ठेवला की दोन्ही. एकेकटे दोघंही ठणठणीत वाजत होते, मध्ये ठेवला की मात्र आवाज रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखा. एका पिकअपच्या दोन वायरी उलट जोडल्या की असं होतं. दोघं एकाच वेळी बोलतात आणि एकमेकांचं बोलणं खोडून काढतात. मी मागच्या पिकअपच्या वायरी सोडवल्या, अदलाबदल करून पुन्हा सोल्डर केल्या. मधला आवाज भरून आला.

घूं घूं राहिली. तारांना बोट लावलं की ती कमी व्हायला हवी. इथे ढिम्म फरक नाही. म्हणजे तारांना अर्थिंग नव्हतं. तारा खालच्या अंगाला ज्या लोखंडी पट्टीत अडकवलेल्या असतात तिला ब्रिज म्हणतात. त्या पट्टीखालून एक वायर आत येते आणि बाकीच्या अर्थिंगला मिळते. मी झाकण काढून आत बॅटरी मारली. वायर जागेवर होती, पण कटरने सरळ कापलेली. उघड्या टोकावर काळी स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकची बारीक नळी, चढवून, गरम करून, घट्ट बसवलेली.

"कुठल्या मूर्खाचं काम आहे हे?" मी ओरडले.

सुशांत कप घेऊन दारात उभा होता. "अनंतकाकांनी केलं असेल काहीतरी."

"चाळीस वर्षं वाजवून अक्कल नाही आली," असं म्हणत मी ब्लेडने स्लीव्ह सोलली आणि वायर जोडून टाकली.

मग माझ्या ॲम्पला बेस लावून आवाज पूर्ण वाढवला. एवढीसुद्धा घूं घूं नाही. सुशांतने लहानपणीसारखी मला मिठी मारली, बेस पाठीवर टाकला आणि तीनला पाच मिनिटं असताना निघून गेला.

हातातला दुसरा एक पिकअप संपवून पावणेचारला मी टेबल आवरायला घेतलं. सोललेली स्लीव्ह बोटाला चिकटली. ती झटकताना हात थांबला. अक्कल नसलेला माणूस वायर तोडतो आणि तशीच लोंबकळत ठेवतो. तो टोक झाकत बसत नाही. हे जपून केलेलं काम होतं, मीही यापेक्षा चांगलं केलं नसतं. पण माझं असं आहे की भीतीच्या आधी राग येतो. अनंतला झाडायलाच मी फोन लावला.

"ब्रिजची वायर तू कापलीस?"

"होय गो. काय झाला?"

"का कापलीस?"

"तो ॲम्प करंट मारता. त्याच्या प्लगची अर्थिंगची पिन कोणी कधी मोडली देव जाणे. मुलुंडला एका लग्नात माईक सरकवूक गेलो, एका हातात तारा, दुसऱ्या हातात माईक. असा फेकला मागे! दुसऱ्याच दिवशी वायर कापली. म्हटला, तारा कशालाच जोडलेल्या नकोत. घूं घूं परवडली." मग आवाज चढवून म्हणाला, "तू जोडलंस नाय ना?"

"मग त्या पोराला का नाही सांगितलंस?" मी किंचाळले आणि उत्तराला न थांबता फोन कापला.

मी काय करून ठेवलं होतं ते एव्हाना मला आरशासारखं दिसत होतं. ॲम्पच्या पत्र्यावर करंट. तो केबलमधून बेसमध्ये, बेसमधून मी जोडलेल्या वायरीत, वायरीतून ब्रिजवर, ब्रिजवरून चारही तारांत, आणि त्या तारांवर सुशांतची बोटं. पायात रबरी बूट आहेत आणि तो फक्त तारांनाच शिवतोय तोवर काही होणार नव्हतं. दुसऱ्या हाताने त्याने अर्थिंग असलेल्या लोखंडाला हात लावला, की करंटला वाट मिळणार होती. आणि माईक म्हणजे नेमकं तसलं लोखंड.

सुशांतला फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. त्याच्या बायकोला, अक्षताला लावला. ती म्हणाली, "रिहर्सलला सगळे फोन बॅगेत टाकतात मावशी. का, काय झालं?" मी काही नाही म्हटलं आणि चपला घालून खाली धावले.

रिक्षा लिंक रोडला लागली आणि सीप्झच्या सिग्नलला अडकली. घड्याळात चार वाजून सात मिनिटं झाली होती. "भैया, जरा जल्दी," मी म्हटलं तर त्याने नुसता हात करून समोरची रांग दाखवली. एरवी मी त्याला चार शब्द सुनावले असते. तेव्हा मी पुन्हा सुशांतला फोन लावत बसले. मला भयंकर भीती वाटत होती. बहीण गेली त्या दिवशीही एवढी वाटली नव्हती.

रिहर्सलची जागा म्हणजे एका औद्योगिक वसाहतीतला दुसऱ्या मजल्यावरचा गाळा. लिफ्टची वाट बघायला मी थांबले नाही. जिन्यातच बेसचा आवाज कानावर आला. खोल, भरलेला, स्वच्छ. मध्येच गाणं थांबलं तेव्हा मी कान देऊन ऐकलं. घूं घूं अजिबात नव्हती. माझं काम चोख झालं होतं. तेवढ्यात गाणं परत सुरू झालं.

मी दार ढकललं. ड्रम्सच्या दणदणाटात माझं मलाच ऐकू येईना. सुशांत समोरच उभा होता, माईक त्याच्यापासून दोन हातांवर. मला बघून त्याचा चेहरा खुलला.

"माईकला हात लावू नकोस!" मी ओरडले. "सुशांत, माईकपासून लांब हो!"

त्याने कानाशी हात नेऊन 'काय?' असं विचारलं. मी दोन्ही हात जोरजोरात हलवले. माझा तो अवतार बघून त्याचं हसू मावळलं. काहीतरी अघटित झालं असं त्याला वाटलं असणार. मला मोठ्याने विचारता यावं म्हणून त्याने डावा हात तारांवर तसाच ठेवला आणि उजव्या हाताने माईक ओढला.

"मावशी, का..."

स्पीकरमधून एवढंच आलं. त्याची मूठ माईकवर मिटली आणि उघडेना. मान मागे गेली, डोळे तसेच उघडे. ड्रमवाला त्याला ओढायला धावला. मी त्याच्या छातीत हात देऊन त्याला मागे ढकललं, कारण हात लावणारा तिथेच चिकटतो. मग वाकून ॲम्पची वायर धरली, ती जिथे गेली तिथवर गेले आणि प्लग उपटून काढला. सुशांत बेससकट खाली कोसळला.

तो वाचला. दोन्ही तळहात भाजले, डाव्या हाताची दोन बोटं पूर्वीसारखी वळतील की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. हॉस्पिटलात अक्षताने माझे पाय धरले. "तुम्ही वेळेवर पोचलात म्हणून," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. ऑर्केस्ट्रातली मुलंही तेच म्हणत होती. त्या दिवशी मी ते ऐकून घेतलं. गप्प बसले याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीत आम्ही दोघंच होतो. मी सांगून टाकलं. "ती वायर अनंतने मुद्दाम कापली होती. मी जोडली. हे माझ्यामुळे झालं."

तो बँडेजकडे बघत राहिला. "ॲम्प करंट मारतो ते मला माहीत होतं. अनंतकाकांनी विकतानाच सांगितलं होतं. आधी ॲम्प दुरुस्त करून घे म्हणाले, आणि तोवर माईकपासून लांब राहा. दोन महिन्यांत काहीच झालं नाही. मला वाटलं, उगाच घाबरवतायत."

"मी तुला विचारलं होतं, सुशांत. ॲम्पचं काही नाही ना, म्हणून. तू झकास म्हणालास."

"हो."

"का?"

तो खालच्या आवाजात म्हणाला, "तू ओरडली असतीस."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. जे काही बाहेर आलं असतं ते ओरडूनच आलं असतं.

"रागावलीस?" त्याने विचारलं.

बत्तीस वर्षांचा बाप्या, दोन्ही हात पांढऱ्या कापडात गुंडाळलेले, आणि नऊ वर्षांच्या पोरासारखा माझ्या तोंडाकडे बघत होता. दोनशे तीस व्होल्टला हे पोर घाबरलं नव्हतं. मला घाबरलं होतं.