वायर काढल्यावर

दादाने तिसरी चाचणी सुरू केली आणि त्याच्या लॅपटॉपचा पंखा खोलीभर घोंघावू लागला. टेबलावर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी. एकात त्याच्या टीमची चिप, दुसऱ्यात त्याच्या धाकट्या बहिणीची. समोर लॅपटॉप कंपनीच्या खरेदीप्रमुख बाई. नव्या मॉडेलसाठी त्या दोन्हींतली एकच चिप घेणार होत्या.

बहीण त्याच्याच हाताखाली तयार झालेली, आणि भांडून दुसऱ्या कंपनीत गेलेली. "दादा, नुसतं पळवून काय उपयोग? वीज किती खाते ते बघ ना," हे तिचं पालुपद. तो हसण्यावारी नेई. चिप म्हणजे वेग; बाकी सगळ्या सांगायच्या गोष्टी.

याही वेळी त्याचंच काम आधी संपलं. मागे बसलेल्या त्याच्या टीमचा जीव भांड्यात पडला. ही ऑर्डर गेली असती, तर त्यांचा विभागच गुंडाळला जाणार होता.

बहीण मात्र हाताची घडी घालून गप्प. ना सबब, ना तक्रार. ते गप्प बसणं त्याला टोचायला लागलं. हरलेलं माणूस असं बसत नाही.

"हिच्या मनात किंतु नको," तो बाईंना म्हणाला. "वायर काढूनही बघू. बॅटरीवर काय, दोन्ही सारखेच मंदावतील."

"दादा, राहू दे," बहीण पटकन म्हणाली.

"का गं? घाबरलीस?"

त्याने स्वतःच्या हाताने दोन्ही वायरी उपसल्या.

त्याच्या पडद्यावरची काम दाखवणारी पट्टी अडखळली आणि मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. तिची आधीच्याच चालीने पुढे गेली. त्याने सेटिंग्ज तपासली, पुन्हा तपासली. तिचं काम संपलं, तेव्हा त्याचं अर्ध्यावरही आलं नव्हतं.

बाईंनी चष्मा काढला. "लोक लॅपटॉप भिंतीला बांधून वापरत नाहीत," त्या हळूच म्हणाल्या. "आम्ही हे आधीच बघायला हवं होतं."

बाहेर त्याने बहिणीला गाठलं.

"तुला ठाऊक होतं."

"हो."

"मग वायर काढायला तूच का नाही सांगितलंस? तुझी ऑर्डर हातची गेली असती."

ती बॅगेची चेन लावत राहिली. "तुझी सगळी माणसं मागे बसली होती, दादा."

आतून कुणीतरी त्याला हाक मारली. तो वळला. दाराला हात लावून थांबला.

"त्या पोरांना घेशील तुझ्याकडे? कामाला वाघ आहेत."

"आणि तू?"

तोवर त्याने दार लोटलं होतं.