गैरहजर पंच

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं अंबादासांना वडिलांनी शिकवलं होतं, आणि वडिलांची हीच एक शिकवण त्यांनी मनापासून पाळली. हवालदार समन्स घेऊन कसबा बावड्यातल्या घरी आला की ते मागच्या खोलीत जाऊन बसत आणि त्यांच्या पत्नी संयोगिताबाई दारातूनच सांगत, "ते पुण्याला गेलेत, लेकीकडं." दोन वर्षांत अंबादास असे पाच वेळा पुण्याला गेले. लेक मात्र फोनवर विचारायची, बाबा, एकदा तरी या की!

प्रकरण गांजाचं होतं. चार वर्षांपूर्वी, अंबादास सरकारी नोकरीत असताना, पोलिसांनी त्यांना पंच म्हणून बोलावून नेलं. पंचाचं काम एवढंच, की झडती डोळ्यांनी बघायची आणि मग कागदावर सही करायची. ते शिरोलीच्या रस्त्यावर पोचले तेव्हा पोतं आधीच खाली काढून ठेवलं होतं आणि टेम्पोवाला विश्वजित जीपमध्ये बसवला होता. 'पंचासमक्ष केबिनमधून मिळाले' असं लिहिलेल्या कागदावर फौजदार साहेबांनी बोट ठेवलं. साहेबाला नाही कसं म्हणायचं? तीस वर्षं वरून आलेल्या कागदावर सहीच तर करत आले होते. चहा झाला, सही झाली.

पुढं कोर्टात खोटं सांगायचं धाडस नव्हतं आणि खरं सांगायचं तर त्याहून नव्हतं. त्यांच्यावाचून खटला अडला आणि नुसत्या तारखा पडत राहिल्या.

एका दुपारी संयोगिताबाई बाजारात गेल्या असताना बेल वाजली. दारात पेढ्यांचा पुडा घेतलेली एक म्हातारी उभी होती.

"पावणं, अंबादास तुमीच न्हवं? मी झुंबरबाई. टेम्पोवाल्या विश्वजितची आई."

आता पुण्याला जायलाही वेळ नव्हता.

"पोरगं सुटलं की! काल कळंब्याच्या जेलातनं घरी आलं. घ्या पेढं."

"मला कशाला?"

"तुमाला न्हाय तर कुणाला? वकीलसायब म्हणालं, एवढा गांजा असला की जामीन मिळत न्हाय. पर हायकोर्टानं बघितलं, चार वर्सं झाली, पंच येत न्हाय, खटला सरत न्हाय. मग माणसाला आत किती दिस डांबायचं? जामिनावर सोडलं. तुमी आला न्हाईसा म्हणून माजं पोरगं भायेर आलं."

टोमणा असता तर अंबादासांनी गिळला असता. पण बाई खरंच हात जोडून उभी होती.

"साक्षीदाराकडं फिरकू नगो म्हणून कोर्टानं विश्वजितला बजावलंय. पर मी कुटं आरोपी हाय? म्हणून आले. पुढंबी येऊ नगासा, एवढंच मागणं हाय. तुमी सांगितलासा, की डोळ्यांदेखत पोतं निघालं, तर पोरगं पुन्ना आत जाईल."

अंबादासांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी बाईंना बसायला खुर्ची दिली, पण स्वतः उभेच राहिले.

"माझ्या डोळ्यांदेखत काही निघालं नाही, बाई. मी गेलो तेव्हा पोतं खालीच होतं. मी नुसती सही केली."



"म्हंजे कोर्टात आला असता तर ह्येच सांगितलं असतासा?"

"हो."

"आनि पयल्या तारखेलाच आला असता तर?"

पहिलं समन्स येऊन दोन वर्षं झाली होती.

"त्येचा बा गेल्या साली गेला," झुंबरबाई म्हणाली. "बापाचं तोंडबी दिसलं न्हाय त्येला."

ती उठली आणि चपला घालू लागली. अंबादास तिच्यामागं पायरीपर्यंत आले.

"मी येतो कोर्टात. पुढची तारीख कधी आहे?"

"समन्सावर लिवल्याली असती की," झुंबरबाई म्हणाली. "कवा घेतलासा का हातात?"