पुलाला हात लावायचा होता

बायकोला स्वतःच्या पुढे जाऊ द्यायची हौस असलेले नवरे जगात किती असतील कोण जाणे. काचवाला त्यातला होता, आणि त्या हौसेपायीच तो गेला. पण ते तिला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर तिनं त्याला दारातच अडवलं असतं आणि बूट माळ्यावर फेकून दिले असते.

खिडक्यांना काचा बसवायचा म्हणून सगळी गल्ली त्याला काचवाला म्हणायची. उंच, हडकुळा, हातांवर बारीक बारीक चिरा. लग्नाआधीपासून तो पहाटे पळायचा. एकदा तर बेचाळीस किलोमीटरची शर्यतही पुरी करून आला होता आणि पुढचे चार दिवस जिना बसत बसत उतरला होता. ती तेव्हा पोट धरून हसली होती. पळणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असं तिचं स्पष्ट मत होतं.

लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि घर खायला उठलं. एके संध्याकाळी भांडी विसळता विसळता ती म्हणाली, "अहो, उद्या मलाही न्या."

"कुठे?"

"तुम्ही रोज जाता तिथेच. पण घड्याळ घेणार असाल तर मी नाही येणार."

घड्याळाशी तिचं वाकडं होतं आणि त्याला कारणही होतं. ती शर्टाच्या कारखान्यात कॉलर शिवायची. मुकादम मागे येऊन उभा राहायचा, हातात स्टॉपवॉच, आणि एका कॉलरला किती वेळ लागला ते मोजायचा. दिवसभर कोणीतरी आपला श्वास मोजत असल्यासारखं वाटायचं. पहाटेच्या त्या एका तासात तरी तिला घड्याळ नको होतं. काचवाल्यानं मनगटावरचं घड्याळ काढलं आणि कपाटात ठेवून दिलं. दिलेल्या शब्दाचा तो पक्का होता. घरातून निघायचं ते मात्र गजर झाल्यावर, त्यात एक मिनिट इकडेतिकडे होत नसे.

मग प्रगती समजायची कशी? त्यावर त्यानं एक नियम काढला. रस्ता एकच होता, घरापासून कालव्याच्या कडेकडेनं थेट पुलापर्यंत. दोघांनी एकदम निघायचं. त्यानं त्याच्या चालीनं पुढे जायचं, पुलाला हात लावायचा आणि तिला आणायला उलट यायचं. जिथे गाठ पडेल तिथून दोघांनी घराकडे वळायचं. "पुढे गेलेल्यानं मागच्याला न्यायला यायचं. आपल्यात एवढाच कायदा," तो म्हणाला. "गाठ जितकी पुलाजवळ पडेल तितकी तू तयार."

पहिल्या दिवशी गाठ पडली ती पेट्रोल पंपाच्या जरा पुढे, लाकडाच्या वखारीपाशी. ती कमरेवर हात ठेवून धापा टाकत होती. तो पुलाला हात लावून आला होता आणि शीळ घालत होता.

"काय कासवबाई, पोचलात?"

तेव्हापासून ती कासव झाली. त्याच आठवड्यात ती पंपापाशी पोचते तोच गिरणीचा सहाचा भोंगा झाला, तेव्हा फाटकाची साखळी काढणारा तिथला मिशीवाला म्हणाला होता, "बाई, भोंगा तुम्ही आल्याशिवाय वाजत नाही बघा."

पण चिवटपणात ती कोणाला हार जाणारी नव्हती. महिन्याभरात वखार मागे पडली आणि गाठ शाळेच्या फाटकापाशी पडू लागली. तिला आनंद असा झाला की कारखान्यात सगळ्या लाइनीला तिनं ते ऐकवलं. पाऊसपाणी सरलं, थंडी आली, आणि एके दिवशी गाठ थेट पाण्याच्या टाकीखाली पडली. तिनं भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या.

"ससा झोपतो की काय हो वाटेत?"

"ससा म्हातारा झाला," तो हसून म्हणाला. कपाळावरचा घाम त्यानं टोपी काढून पुसला. पार विटलेली निळी टोपी होती ती, तिनं दोनदा टाकून दिलेली आणि त्यानं दोनदा उचलून आणलेली.

त्याच आठवड्यात त्यानं दोघांची नावं एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत घातली. ती घाबरली. तो म्हणाला, "घाबरतेस कशाला? मी पुलावरून निघायच्या आत ज्या दिवशी तू पुलाला हात लावशील ना, त्या दिवशी एकवीस तुझे. माझा शब्द."

झालं, पुलानं तिच्या डोक्यात घर केलं. पूल तिनं कधी जवळून पाहिलाच नव्हता, त्याआधीच तो तिला आणायला यायचा. कॉलर शिवताना पूल, कणीक मळताना पूल. गाठ दर आठवड्याला पुढे सरकत होती आणि ती हरखत होती. येताना तो आता पळत नसे, चालत येई. तिला वाटे, ऐट करताहेत. घराकडे वळल्यावर तो मागे राही आणि म्हणे, "तू हो पुढे, मला तुझी चाल बघू दे." तिला त्याचीही गंमत वाटे. इतक्या वर्षांत या माणसानं आपल्याला असं मागून कधी न्याहाळलं होतं?

आणि मग ती सकाळ आली. कालव्याच्या वळणावरून तिला पूल दिसला. चक्क दिसला, कठड्यासकट. काचवाला समोरून येत होता, सावकाश, टोपी हातात घेऊन.

"उद्या!" ती ओरडली. "उद्या हात लावणार मी!"

"लाव की," तो म्हणाला.

त्याच दिवशी दुपारी एका शाळेच्या खिडकीला काच बसवून तो पायरीवर टेकला तो उठलाच नाही. शिपायाला वाटलं, दमलाय. खिडकीतली पुट्टी अजून ओली होती.

पुढचे कित्येक आठवडे तिला आठवतही नाहीत. लेक रजा काढून आली आणि राहिली. लोक आले, गेले. डॉक्टरांनी सांगितलं की दुखणं आजचं नसावं, पण तेव्हा ते तिच्या कानांवरून गेलं. बूट दाराशी तसेच होते, दोन जोड्या.

एके संध्याकाळी लेक हळूच म्हणाली, "आई, शर्यतीतून नाव काढून टाकू का तुझं? शर्यतवाल्यांना कळवलं की झालं."

"माझा पुलाला हात लावायचा राहिलाय," ती म्हणाली. "हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. तेवढं होऊ दे, मग बघू."

दुसऱ्या दिवशी गजर झाला आणि ती निघाली. डोक्यावर ती निळी टोपी होती. पाय जड झाले होते. इतके दिवस अंथरुणात काढल्यावर सगळी कमाई गेली असणार, हे तिनं मनाशी धरलंच होतं. पंपाजवळ पोचते तोच गिरणीचा सहाचा भोंगा झाला. पंपावरचा मिशीवाला नेहमीसारखाच फाटकाची साखळी काढत होता. त्यानं मान खाली घातली, मग वर केली. तो जुनंच बोलला, "बाई, भोंगा तुम्ही आल्याशिवाय वाजत नाही बघा."

तिला क्षणभर बरं वाटलं. एवढं होऊनही आपण भोंग्याला पंपावर! म्हणजे चाल काही गेलेली नाही.

चार पावलं गेल्यावर तिनं मागे वळून पंपाकडे पाहिलं.

भोंगा आणि पंप. पहिल्या आठवड्यातही भोंगा झाला तेव्हा ती पंपावरच होती. मिशीवाला तेव्हाही साखळीच काढत होता आणि हेच बोलला होता. शाळेच्या फाटकाच्या दिवसांत? पंपावरच. टाकीखाली टाळ्या वाजवल्या त्या दिवशी? तेव्हाही भोंगा पंपावरच ऐकला होता. निघायची वेळ तीच, भोंगा तोच, पंप तोच. तिची चाल तसूभरही वाढली नव्हती. ती जशी पहिल्या दिवशी पळत होती तशीच शेवटच्या दिवशी पळत होती. मग गाठ पुढे पुढे कशी सरकत गेली?

ती पुढे सरकत नव्हती. त्याला यायला उशीर होत होता.

घड्याळ असतं तर दुसऱ्याच महिन्यात कळलं असतं. घड्याळ कपाटात तिनंच ठेवायला लावलं होतं. तो मंदावत होता आणि ती टाळ्या वाजवत होती. शेळी जाते जिवानिशी, म्हणतात ना, तसं झालं. तिला तिथेच बसून घ्यावंसं वाटलं, पण पाय थांबेनात. वखार गेली, शाळा गेली, टाकी गेली. टाकीपाशी तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

पूल दिसायला साधाच होता. खाली कालव्याचं लोखंडी दार होतं आणि ते उघडायला-मिटायला एक माणूस, बाजूला त्याची खोली. तो दाराचं चाक पुसत होता. त्यानं आधी टोपीकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तुम्ही त्यांच्या कासवबाई का?"

तिनं मान हलवली.

"बरेच दिवस दिसले नाहीत ते. तब्येत कशी आहे आता?"

"गेले," ती म्हणाली.

त्या माणसानं फडकं खाली ठेवलं. मग कठड्याच्या टोकाकडे बोट दाखवून म्हणाला, "तिथे बसायचे. आधी पाच-एक मिनिटं, मग वाढत गेलं. छातीवर असा हात ठेवून. मी म्हटलं, अहो, दवाखान्यात जा. म्हणाले, शर्यत झाली की दाखवतो. आत्ता दाखवलं तर ती पळायचं सोडून माझ्या उशाशी बसेल."

"आणखी काय म्हणाले?"

"राहू द्या ना बाई."

"सांगा."

"म्हणायचे, तिला वेग काय करायचाय? लांब पळता आलं पाहिजे. मी जितका वेळ बसतो तितकी ती लांब येते. आणि दम जरा बसला की उठायचे. तोंड धुवायचे माझ्या माठातल्या पाण्यानं आणि निघायचे."

ती कठड्यापाशी गेली आणि तळहातानं त्यावर जोरात थापड मारली. मग आणखी एक. "लबाड!" ती ओरडली. "लबाड माणूस! मला सांगायला काय झालं होतं? मला काय करायची होती ती शर्यत?" पुलाला हात लागला तो असा. नंतर ती त्या टोकावर बसली, जिथे तो बसायचा, आणि हुंदके देत रडली. दाराच्या माणसानं पाणी आणून बाजूला ठेवलं आणि तो खोलीत निघून गेला.

तिथून वळण स्वच्छ दिसत होतं. त्या शेवटच्या सकाळी ती हात हलवत, हसत, तुरुतुरु येताना त्याला कशी दिसली असेल, हेही दिसत होतं.

घरी आल्यावर लेकीला तिनं सगळं सांगितलं. लेक रडली, मग चिडली आणि म्हणाली, "आता तर तू मुळीच पळायचं नाहीस."

"पळणार," ती म्हणाली. "मुद्दल त्यांचं गेलंय त्यात. मी घरी बसून वाया घालवू?"

शर्यतीच्या दिवशी ती सगळ्यांच्या मागे होती. रस्ता अर्ध्यावरून वळून परत येणारा होता. थोड्या वेळानं पुढे गेलेले उलट येऊ लागले, आधी एकेक, मग घोळके. तिची सवय जाईना. येणाऱ्या प्रत्येक उंच माणसाकडे तिची मान वळे. त्यांच्यातलं कोणीच तिला न्यायला आलेलं नव्हतं. सगळे बाजूनं निघून गेले आणि समोरचा रस्ता रिकामा झाला.

वळायच्या जागी एक खांब रोवला होता. पाणी वाटणारी मुलगी म्हणाली, "मावशी, हात लावायची गरज नाही, नुसतं वळलं तरी चालतं."

"आमच्यात लावतात," ती म्हणाली आणि लावला.

परतीचा रस्ता तिनं कसा काढला ते तिलाच माहीत. पाय पेटले होते, पण थांबायची वेळ एकदाही आली नाही. लांब पळणं तिला खरंच येत होतं. शिकवणाऱ्यानं ते नीट शिकवलं होतं. ती आली तेव्हा मांडव सोडायला लागले होते. लेकीनं धावत येऊन तिला मिठी मारली, गळ्यात पदक घातलं, पाठीवरून हात फिरवला.

पण ती रस्त्याकडे तोंड करून तशीच उभी राहिली. पुढे, जिथे शर्यत संपून साधी रहदारी सुरू झाली होती, तिकडे बघत.

"आई, चल ना. संपलं. कोणाची वाट बघतेस?"

"पुढे गेलेल्यानं न्यायला यायचं असतं," ती म्हणाली. "कायदा त्यांचाच."

लेकीनं तिचा दंड धरला.

"बसले असतील कुठेतरी कठड्यावर," ती टोपी काढून म्हणाली. "मी अजून लांब यावं म्हणून."

लेकीनं तिला खुर्चीवर बसवलं आणि खाली वाकून तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या.