अंबाडीच्या भाजीला मिळालेला शब्द

मित्रांनो, पाठीचा पुठ्ठा निघालेला आणि कडा वाळवीने खाल्लेला मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. छापखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पानांना शाईचा ताजा वास होता. अनसिंग गावच्या रंगरावांना मी शाळेत बक्षीस म्हणून मिळालो. त्यांनी मला पुष्कळ वापरले. पुढे ते भाजीच्या मळ्यात राबू लागले आणि मी फळीवर धूळ खात पडलो.

त्यांची मुलगी समीक्षा इंग्रजी शाळेत जाऊ लागली, तेव्हा मला खाली काढले गेले. एका संध्याकाळी तिने घाईघाईने माझी पाने उलटली. वर्गातल्या एका मुलीने तिच्या डब्यातली अंबाडीची भाजी पाहून नाक दाबले होते आणि ‘डिस्गस्टिंग’ म्हटले होते. समीक्षाचे बोट त्या शब्दावर थांबले. मला अर्थ लपवता येत नाही. ‘किळसवाणा, शिसारी आणणारा.’ तिने दोनदा वाचले.

“काय पाहून राह्यली वं?” चुलीपाशी बसलेल्या तिच्या आईने, पंचफुलाबाईंनी विचारले.

“शब्द. आपल्या भाजीले पोरी डिस्गस्टिंग म्हनतेत.”

“म्हंजे?”

समीक्षाने मला मिटले. “लय चांगली.”

पंचफुलाबाई हरखल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या मैत्रिणींसाठीही वेगळा डबा भरू लागल्या. मी कोपऱ्यातून पाहत होतो. माझ्या पोटात इतके शब्द, पण एकही मला उच्चारता येईना.

मग बाजाराच्या दिवशी त्या भाजी विकून परतल्या आणि टोपली टेकवून समीक्षासमोर बसल्या.

“म्या एका बाईले म्हटलं, घ्या, अंबाडी एकदम डिस्गस्टिंग हाय. ते हासली. मंग तिनं मतलब सांगतला.”

समीक्षाने मान खाली घातली.

“तुले बी तशीच वाटते काय?”

“नाही वं माय. तुले वाईट वाटंल म्हून खोटं बोलली.”

“आन् तो दुसरा डबा?”

“मीच खात होती. शाळेच्या जिन्याखाली बसून.”

सकाळी पंचफुलाबाईंनी डब्यात बिस्किटे भरली.

“भाजी दे ना,” समीक्षा म्हणाली.

“राहू दे.”

आजही आमच्या घरी अंबाडी शिजते, पण शाळेत जात नाही.

मित्रांनो, सडक्या फळाला, तुंबलेल्या गटाराला तो शब्द खुशाल लावा. पण कुणाच्या आईच्या हातच्या घासाला लावाल, तर जरा थांबा. अर्थ तिथेही तोच निघेल, आणि तो बदलणे माझ्या हाती नाही.