तांबट आळीतले पाच

“किती आदमी?” साहेबाने तिसऱ्यांदा विचारले.

मथुराबाई नदीकाठच्या कचेरीत ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती. “सांगितलं की. परवा तिन्हीसांजेला ते आले, भाकरी खाल्ली, गेले.”

साहेबाला बाजारापुरते मराठी येई. म्हणून जबानी इंग्रजीत उतरवायला श्रीधरपंत होते. त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

*

श्रीधरपंतांना ठाऊक असलेले:

कसब्यातली बाई नवऱ्याचे नाव घेत नाही. ‘ते’ म्हणजे नवरा. एकच. दत्तोबा तांबट, पंतांच्या परसामागच्या आळीतला. कंपनीच्या पलटणीत शिरला आणि खडकीच्या लढाईआधी बंदुकीसकट पळाला. आता शनिवारवाड्यावर परके निशाण आहे, श्रीमंत पेशवे दक्षिणेकडे धावताहेत, आणि पळालेल्या शिपायांसाठी नदीकाठच्या चिंचेला दोर बांधून ठेवला आहे.

साहेबाला ठाऊक असलेले: या बाईच्या घरात कुणीतरी बंदूक पाहिली.

*

इंग्रजीत माणूस लिहायचा तर आधी मोजावा लागतो. एक असेल तर मॅन, जास्त असतील तर मेन. मधले काही नाही.

पंत हे अपमान सोसून शिकले होते. कंपनीच्या नोकरीत पहिल्या वर्षी त्यांनी रजेच्या अर्जात लिहिले होते, “माय फादर्स आर कमिंग.” वडिलांना एकवचनात कसे लिहायचे? साहेब पोट धरून हसला होता. “पंत, तुला बाप किती?”

तेव्हापासून पंत इंग्रजीत सगळ्यांना मोजूनच लिहीत. वडिलांना एक. देवालाही एक.

*

मॅन लिहिले, तर कोण? एकाला नाव असते, घर असते, मान असते.

मेन लिहिले, तर घोळका. पेशव्यांचे स्वार असतील, लुटारू असतील, भाकरी मागून पुढे गेले असतील. घोळक्याला कोण फाशी देतो?

पंतांनी लिहिले: मेन.

*

साहेबाने वाचले. खुर्ची पुढे ओढली.

“मेन,” तो हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच पंतांना आवडले नाही. “म्हणजे मसलत. बाई, किती?”

मथुराबाईने पंतांकडे पाहिले. त्याच वेळी नदीवरून वारा आला, कागद फडफडला आणि पंतांनी तो पंजाने दाबून धरला. पाची बोटे पसरलेली.

मथुराबाईने ती पाहिली.

“पाच,” ती म्हणाली.

“नावं?”

“अंधार पडला होता. ओळखले नाहीत.”

“तुझ्या आळीतले?”

तिने पदर पुढे ओढला. साहेबाने मान हलवली, जणू तिने उत्तर दिले होते.

*

त्याच दुपारी तांबट आळीत शिपाई शिरले. तोंडाशी असलेल्या पाच घरांतून एकेक पुरुष काढला. भैरूच्या हातात अजून हातोडी होती. गेनबाने विचारले, “घागर पुरी करून येऊ का? गिऱ्हाईक थांबलंय.”



*

संध्याकाळी मथुराबाई पंतांच्या परसाच्या दाराशी आली.

“पंत, तुम्हीच पंजा दाखवलात.”

“मी कागद धरत होतो, बाई.”

तिने त्यांच्या हाताकडे पाहिले. “मला वाटलं, तुम्ही शिकलेले. तुम्हाला बरोबर काय ते ठाऊक असेल.”

*

सकाळी पंत साहेबापुढे उभे राहिले. “माझी चूक झाली. एकच माणूस होता.”

“अस्सं.” साहेबाने जबानीचा कागद पुढे सरकवला. “मग खोड. आणि इथे त्याचं नाव लिही.”

टाक पुढे आला. पंतांनी घेतला. बाहेर चिंचेखाली पाच जण उकिडवे बसले होते. गेनबा ओसरीकडेच पाहत होता. पंतांना बघून त्याने हात जोडले. ओळखीचा माणूस आत आहे म्हणून.

टाकाच्या टोकावर शाईचा थेंब जमला. पडला.

“लिही.”

“मला नाव ठाऊक नाही, साहेब.”

यापुढे त्याला आदराने लिहिणे मला जमणार नाही. श्रीधर घरी गेला.

*

श्रीधरचे घर आळीच्या पाठीला. जन्मापासून तो त्या ठोक्यांत उठला होता. पहाट झाली की सगळ्या हातोड्या एकदम सुरू होत, एकात एक मिसळत, आणि मग कुठला ठोका कुणाचा ते कुणालाच सांगता येत नसे.

पाच जण घरी परतले नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे तो आपल्या घराच्या ओसरीवर बसला. आळीत काम सुरू झाले.

ठण्.

मग थोडी शांतता.

ठण्. ठण्.

त्याला ते मोजता येत होते.