नियंत्याचा पंचनामा

खर्जराव हे काही त्याचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते स्टुडिओने ठेवलं, आणि आवाजच असा खोल की दुसरं कुठलं नाव शोभलंही नसतं. ऐकायच्या एका विज्ञानमालिकेत तो खलनायकाला आवाज द्यायचा. खलनायकाचं नाव नियंता. दूरच्या कुठल्याशा ग्रहावर बंद घुमटाखाली एक शहर, आणि तिथल्या हवेची चावी नियंत्याच्या हातात. कुणी उलट बोललं की हा त्याच्या खोलीतली हवा जराशी कमी करणार. ओरडणार नाही, मारणार नाही. ‘तुझ्या भल्यासाठीच सांगतोय,’ एवढंच म्हणणार आणि चावी फिरवणार. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. म्हणजे पूर्वी यायचा.

हल्ली येत नाही, असं मालकांचं म्हणणं. मालक म्हणजे मालिकेला पैसा पुरवणारे. ‘‘नियंता म्हातारा झाला हो. संपवून टाका, एखादा तरणाबांड आणू,’’ असं त्यांनी जाहीर करून टाकलं. त्यांचं काय जातंय म्हणायला! खर्जरावाच्या मात्र पायाखालची वाळू सरकली. इतकी वर्षं एकच आवाज काढून गळ्याला दुसरं काही येईनासं झालं होतं. नियंता गेला की घरी बसायची पाळी.

पण त्या स्टुडिओत एक रीत होती. पात्र मारायचं तर आधी त्याचा पंचनामा करायचा. सगळ्यांनी चहा घेऊन बसायचं, पात्राला काय साधलं, कुठे फसलं ते बोलायचं, आणि मग हात वर करून निकाल. एक माणूस बाहेरचा हवा, नुसता ऐकणारा. आणि सगळ्यात कडक नियम असा, की ज्याचं पात्र, त्याचं तोंड बंद. नट मंडळी आपल्या पात्रासाठी सख्ख्या आईशीही भांडतील, म्हणून मालिका लिहिणाऱ्या लेखिकाबाईंनीच तो घातला होता. मध्ये ब्र काढला की पात्र गेलंच समजा.

नियंत्याच्या पंचनाम्याच्या दिवशी यायचे होते ते बाहेरचे गृहस्थ तापाने आडवे झाले. सकाळीच लेखिकाबाईंचा फोन आला, ‘‘तुमच्या लेकीला आणा. पहिल्या भागापासून ऐकते म्हणता ना?’’

‘‘घरचं माणूस चालेल?’’

‘‘चालेल की. घरचीच माणसं जास्त धुतात.’’

खर्जराव खूश झाला. देव पावला म्हणायचं. तो न्याहारीला बसला, आणि बायकोने त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला, नेहमीसारखा त्या जाड विणलेल्या चकतीवर. चकती तिने स्वतः विणली होती. टेबलावर डाग पडतात, म्हणायची. तो तिला चिडवायचा, ‘‘टेबलाची एवढी काळजी, नवऱ्याची नाही!’’ आजही चिडवलं. ती हसली. हसली म्हणजे ओठ हलवले.

बसमध्ये त्याने लेकीला पढवून ठेवलं. ‘‘भीती वाटते म्हणून सांग. अजूनही वाटते, असं सांग. उगाच कॉलेजातली अक्कल पाजळू नकोस. समजलं?’’ शेवटचं ‘समजलं’ जरा खालच्या पट्टीत गेलं. लेकीने मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत बसली. शहाणी पोर, त्याला वाटलं, एका शब्दात ऐकते.

पंचनामा सुरू झाला. पहिला बोलला ठोक्या. हा दिवसभर काही ना काही आपटून, घासून, फाडून मालिकेचे आवाज तयार करायचा. तो म्हणाला, ‘‘साधलं म्हणाल तर थंडपणा. हा माणूस कधी तापत नाही. फसलं ते हे, की चावी फिरवून फिरवून माझं मनगट गेलं, पण ह्याच्या हातून कुणी मरेल तर शपथ!’’

‘‘तेच म्हणतोय मी,’’ मालक सरसावले. ‘‘धमकी तीच, चावी तीच. रोज मरे त्याला कोण रडे! धाक राहिला नाही ह्याचा.’’

खर्जरावाच्या जिभेवर उत्तरं नुसती नाचत होती. त्याने दात घट्ट आवळले.

‘‘आता तू सांग, बाळ,’’ लेखिकाबाई लेकीला म्हणाल्या.

लेकीने आधी विचारलं, ‘‘इथे बाबांना मध्ये बोलता येत नाही ना?’’

सगळे हसले. ‘‘नाही गं बाई! बोलले तर नियंता खलास!’’

‘‘मग सांगते,’’ ती म्हणाली. हात मात्र तिने मांडीखाली दाबून धरले होते. ‘‘नियंत्याचा धाक गेलेला नाही. तुम्ही चावीचं बोलताय, पण भीती चावीची नसतेच. आधी ग्लासची असते. जेवताना तो पाणी पितो आणि ग्लास टेबलावर ठेवतो. जोरात नाही, अगदी बेताने. टक्. की सगळ्यांचे घास थांबतात. आवाज दबावा म्हणून खाली काही मऊ घातलं, तरी थांबतातच. मग तो विचारतो, ‘फोनवर कोण होतं?’ काही नसतंच हो, मैत्रीण असते. पण मैत्रीण हा शब्द तोंडातून निघत नाही. खरं बोललं तरी खोटं वाटेल असं वाटतं. मग तो म्हणतो, ‘तुझ्या भल्यासाठीच विचारतोय.’ आणि खोलीत हवाच उरत नाही. तो कधी मारत नाही. त्याला मारावंच लागत नाही.’’

मालकांनी मांडीवर थाप मारली. ‘‘वा! काय ऐकलंय पोरीने!’’

‘‘एक मिनिट,’’ ठोक्या कपाळाला आठ्या घालत म्हणाला. ‘‘ग्लास कुठला? नियंत्याला मी आजवर ग्लास दिलाच नाही. चावी, झडप, बूट, बस्स. त्याला कधी जेवतानासुद्धा दाखवला नाही आपण. हा टक् कुठल्या भागात...’’ आणि बोलता बोलता त्याचं त्यालाच कळलं. तो आपल्या चहात बघायला लागला.

खर्जरावाला आधी रागच आला. खोटं आहे हे, असं ओरडावं, असं त्याला वाटलं. पण एक शब्द काढला तर नियंता गेला, काम गेलं. तो गप्प राहिला. आणि त्या गप्प बसण्यात टक् असा आवाज त्याच्याच कानात वाजला. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. मग त्याला लाज वाटली, इतकी की नजर कुठे ठेवावी कळेना.

लेखिकाबाईंनी आवाज खाली आणून विचारलं, ‘‘आणि फसला कुठे?’’

‘‘त्याला वाटतं, सगळे त्याचं ऐकतात,’’ लेक म्हणाली. ‘‘सगळे फक्त तो बाहेर जायची वाट बघतात. तो गेला की रेडिओ लागतो, आई गाते. छान गाते. त्याला हे माहीतच नाही.’’

‘आई’ हा शब्द सगळ्यांनी ऐकला. मालक सोडून. ते म्हणाले, ‘‘ग्लास घ्याच पुढच्या भागात! चला, हात वर करा. नियंता जगावा असं कुणाला वाटतं?’’

मालकांचा हात पहिला. ठोक्याचा अर्धवट. लेखिकाबाईंचा सगळ्यात शेवटी, खर्जरावाकडे न बघता. नियंता जगला. मालकांनी खर्जरावाचा हात हातात घेऊन हलवला, ‘‘नशीबवान आहात, घरातच परीक्षक!’’

बसमध्ये बापलेक शेजारी बसले. बोलायला पाहिजे, बोलायला पाहिजे, असं करता करता त्यांचा थांबा आला.

संध्याकाळी तिघं जेवायला बसले. बायको काही विचारत नव्हती. निकाल काय लागला, तेसुद्धा नाही. खर्जरावाने ग्लास उचलला, तेव्हा त्याचं लक्ष चकतीकडे गेलं. लेकीचा ग्लास उघड्या लाकडावर होता. बायकोचाही. त्यांच्यापुढच्या लाकडावर डागबिग काही नव्हता.

‘‘ही चकती माझ्यापुढेच का?’’ त्याला साधं विचारायचं होतं. हळू, मायेने. पण गळ्यातून निघाला तो नियंता.

बायकोचा घास तोंडाशी थांबला. ‘‘डाग पडतात ना टेबलावर,’’ ती घाईघाईने म्हणाली. लेकीने मान खाली घातली.

इथे त्याला बोलायला कुठला नियम आड येत नव्हता. दोघींची नजर त्याच्या हातातल्या ग्लासवर होती. त्याने पाणी संपवलं, आणि जेवण होईपर्यंत तो रिकामा ग्लास मांडीवर धरून बसला.