पुढचा उजवा खांदा

"दादा, तू मागं राय. पुढं मी लागते," रीना म्हणाली.

नरेशने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खुंटीवरची जुनी हिरवी जर्सी काढून तो तिची घडी घालत बसला. बाहेर अंगणात कवडूबाबांना पांढऱ्या कपड्यात गुंडाळून तिरडीवर ठेवलं होतं. मोठा मुलगा म्हणून पुढचा उजवा खांदा नरेशचा. विहारातल्या भैय्याजींनी तसं सांगून बाकीचे तिघंही नेमले होते. स्मशानात न्यायची गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती, तिथवरच तर न्यायचं होतं.

पण त्याच्या या बहिणीने दवाखान्यात नर्सगिरी केलेली. गल्लीला जे ठाऊक नव्हतं ते तिला ठाऊक होतं. नरेश फौजेत गेला आणि तिथे रग्बीला लागला, तो थेट भारताच्या संघात पोचला. जागा पहिल्या रांगेत, उजवीकडे. आठ गडी इकडून, आठ तिकडून माना खाली घालून एकमेकांना रेटतात, तो सगळा भार आधी पहिल्या रांगेच्या मानेवर येतो. तरणी वर्षं त्यात गेली. कोलंबोच्या सामन्यात मान दबली आणि खेळ कायमचा सुटला. आता तो कुम्हारीच्या एका गोदामावर चौकीदार होता. उजव्या हाताला केव्हाही मुंग्या यायच्या, बोटं बधिर व्हायची. डॉक्टरांनी वजन उचलायची साफ बंदी केली होती.

गल्लीला मात्र त्याचं रेड्यासारखं अंग तेवढं दिसायचं. कुणी गेलं की पहिली हाक नरेशला, आणि तोही दातओठ खाऊन खांदा द्यायचा. नाही कसं म्हणणार? भारताकडून खेळलेल्या माणसाची इथे तेवढीच काय ती किंमत उरली होती. रग्बी कुणाला माहीत? अंड्यासारखा चेंडू म्हणून लोक हसायचे. कवडूबाबा पोलादाच्या प्लांटात शंटिंगला, म्हणजे इंजिनं-डबे जोडण्या-हलवण्याच्या कामाला होते. ते समजावायचे की दोन इंजिनं समोरासमोर लावून रेटावी तसा तो खेळ आहे, आणि एक इंजिन आमचं आहे.

कोलंबोहून नरेश लंकेची हिरवी जर्सी अंगात घालून पावर हाउस स्टेशनात उतरला, तेव्हा हार घेऊन आलेली मंडळी हिरमुसली. सामना संपल्यावर समोरच्याशी जर्सी बदलायची रीत असते, हे त्यांना कुठून कळणार? देशाचे कपडे देऊन आला, अशी कुजबुज झाली. कवडूबाबांनी ती जर्सी कपाळाला लावली. "बुद्धाच्या देशातलं कापड हाय हे. तुमाले काय समजते," म्हणाले, आणि पुढचे सगळे हिवाळे तीच घालून फिरले. चारचौघांत बसले की थट्टा करायचे, "माह्या तिरडीले चार जण कायले पाहिजेत? माहा नरेश एकटा पुरते." नरेश हसून हो म्हणायचा. तो होकार आज त्याच्या जिवावर आला होता.

जर्सीची घडी खांद्यावर टाकून त्याने बांबू घेतला. 'बुद्धं सरणं गच्छामि' सुरू झालं. चार घरं ठीक गेली. मग करंगळी बधिर झाली, मग सगळा पंजा. बांबू कुठे आहे हेच हाताला कळेना. तिरडी पुढून कलली, पांढऱ्या कपड्यातलं डोकं एका बाजूला झुकलं आणि सगळ्यांचे आवाज थांबले. बापाले पाडते का हा, असं मागून कुणीतरी पुटपुटलं. त्यापेक्षा कोलंबोच्या मैदानात मेलो असतो तर बरं, असं नरेशला वाटलं.

तेवढ्यात ओढणी खोचून रीना खाली शिरली आणि तिने बांबू खांद्यावर घेतला.

"सोड दादा."

"बाबाले शब्द देल्ला होता मी."

"बाबाले मालूम होतं." ती त्याच्याकडे न बघता हळू बोलत होती. "तुले चहा कोन्त्या हातात देत होते, आठव. दवाखान्यात मले म्हने, नरेशचा खांदा गेला. त्याले चारचौघात बोलजो नको, पन माह्या वक्ताले तू लागजो."

रोज संध्याकाळी बाबा कप त्याच्या डाव्या हातात आणून द्यायचे. बाबांची बसायची जागाच त्या बाजूला आहे, असं तो इतकी वर्षं समजत होता. पोराची शान राहावी म्हणून थट्टा लोकांत चालायची, आणि कप गुपचूप डावीकडून यायचा. नरेशला सगळ्या गल्लीदेखत लहान पोरासारखं रडू फुटलं. भैय्याजी काही सांगायला पुढे आले, पण तसेच मागे सरले.

रीनाच्या हाडकुळ्या खांद्यात बांबू रुतत होता. नरेशने डाव्या हाताने आपल्या खांद्यावरची जर्सी ओढली, मागच्यांनी बांबू जरा उचलून धरला, आणि त्याने ती घडी तिच्या खांद्यावर नीट बसवली. मग पहिल्या रांगेत शेजारच्या गड्याला धरायचा तसा, पाठीवरून डावा हात टाकून तिचा कुडता मुठीत घट्ट पकडला.

"चल," तो म्हणाला.

पुन्हा 'बुद्धं सरणं' सुरू झालं. गाडीपर्यंत तो तिच्या बाजूने चालत गेला. त्याच्या खांद्यावर काही नव्हतं, तरी मान खाली घातलेलीच होती.